शामचा रुपया

१

रविवारी सकाळी पूजेला बसलेल्या वासुदेवरावांनी देवघरातली चांदीची डबी उघडली, तर डबी रिकामी.

त्यांनी ती पालथी केली, आतून बोट फिरवलं, आसन झटकलं, देवांच्या मागे पाहिलं. मग उठून बहिणीला फोन लावला. "अरू, शामचा रुपया गेला," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

अरुंधती महूला राहत होती. विमा कंपनीच्या नोकरीत जळालेली गोदामं आणि फुटलेली दुकानं तपासण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. आग लागली की लावली, हे लोकांच्या बोलण्यातून आणि राखेतून काढायचं, हेच तिचं काम. निवृत्त झाली तरी नजर तीच राहिली होती. पण त्या सकाळी महूहून इंदूरला येताना तिला काही तपासायचं सुचत नव्हतं. डोळ्यांपुढे सारखा धाकटा भाऊ शाम येत होता. गळ्यात काळा गोफ, त्यात रुपया आणि चेहऱ्यावर मार चुकवून आल्यासारखं हसू.

अरुंधतीचे आजोबा होळकरांच्या घोडदळात होते. त्यांच्याकडून घरात आलेले, सूर्याचा छाप असलेले दोन चांदीचे रुपये आईने, द्वारकाबाईंनी, जपून ठेवले होते. सोनाराकडून त्यांना कड्या लावून घेतल्या आणि वासुदेव आणि शाम, दोन्ही मुलांच्या गळ्यात एकेक घातला. रुपये अगदी सारखे. कोणता कोणाचा यावरून रोज भांडण व्हायचं. शेवटी अरुंधतीने कंपासपेटीतलं कर्कटक घेतलं आणि धाकट्याच्या रुपयावर 'शा' असं अक्षर कोरलं. इतकं खोल कोरलं की त्याच्या कडा शामच्या छातीला टोचायच्या. मग तो अक्षराची बाजू बाहेर करून घालायचा आणि आई अरुंधतीला बोल लावायची.

शाम चौदा वर्षांचा असताना, उन्हाळ्याच्या सुट्टीत, सिमरोल रोडच्या त्यांच्या शेतात तो रुपया हरवला. सगळ्यांनी शोधला, मिळाला नाही. पावसाळ्यात शामला ताप आला आणि तो डोक्यात गेला. त्या तापात तो रुपयाच मागत होता. उशाशी बसलेले वासुदेव त्याला म्हणाले, मी शोधून देतो. शाम तोवर राहिला नाही.

पुढे वासुदेवरावांनी पोलोग्राउंडला लेथचा कारखाना टाकला, संसार केला. शेत विकलं गेलं. साठी उलटल्यावर कारखाना बंद केला आणि पहिल्यांदा काय आणलं असेल, तर मेटल डिटेक्टर. शेताचा नवा मालक भला माणूस होता. पीक सांभाळून केव्हाही या, म्हणाला. तेव्हापासून रविवारी सकाळी वासुदेवराव आणि शेजारच्या कारखान्यातला त्यांचा मित्र संजीव, दोघं त्या काळ्या मातीवर मशीनची थाळी फिरवायचे. बैलाच्या छापाचे तांब्याचे पैसे मिळाले, घुंगरं मिळाली, घोड्याच्या नालेचे खिळे मिळाले, फौजी कोटाची बटणं मिळाली. घरी आले की खाटेवरच्या द्वारकाबाई विचारायच्या, "सापडला का रे?" गेल्या वर्षी त्या गेल्या. अखेरपर्यंत रविवार त्यांना बरोबर कळायचा.

आणि मागच्या रविवारी रुपया सापडला होता. त्या जमिनीवर आता कॉलनी होणार होती, जेसीबी येऊन उभं राहिलं होतं. शेवटची चक्कर मारू म्हणून दोघं गेले आणि मशीन वाजलं. एक आठवडा रुपया देवासमोर राहिला. आता तो नव्हता.

अरुंधतीने डबी हातात घेतली. डबी चांदीची, चांगली जड. शेजारी चांदीचं निरांजन, चांदीची फुलपात्रं. चोराने त्यातल्या कशालाच हात लावला नव्हता. वासुदेवरावांनी सांगितलं त्यावरून, रुपया काढून त्याने डबीचं झाकण पुन्हा नीट लावलं होतं आणि वर वाहिलेलं जास्वंदीचं फूलही होतं तसं ठेवलं होतं.

"दादा," ती म्हणाली, "हा बाहेरचा माणूस नाही."

२

बडा गणपतीजवळच्या त्या घरात शनिवारी संध्याकाळी चौघंच होती. वासुदेवराव, त्यांची सून विनीता, संजीव आणि नाण्यांचा नाद असलेला पुष्कर. मुलगा नोकरीसाठी दुबईला असतो.

वासुदेवरावांनी सांगितलं ते असं. पुष्कर रुपया पाहायला आला होता. पण आंघोळीशिवाय डबी उघडायची नाही, असा त्यांनी नेम केला होता, म्हणून त्याला फोनवरचा फोटोच दाखवला आणि सकाळी यायला सांगितलं. पुष्कर म्हणाला, उद्या मायक्रोस्कोप घेऊनच येतो काकाजी, लेन्सखाली ठेवला की जमिनीत किती वर्षं होता तेही सांगेन. मग आरती झाली. एकेक जण देवघरात जाऊन नमस्कार करून आला. मंडळी गेली, वासुदेवराव झोपले. सकाळी डबी रिकामी.

"म्हणजे तिघांनाही संधी होती," अरुंधती म्हणाली.

वासुदेवरावांना ते ऐकवेना. विषय बदलून ते रुपया कसा सापडला ते सांगू लागले. आठवडाभर येईल त्याला ते हेच सांगत होते. संजीव म्हणाला, बाभळीच्या बांधाकडे पुन्हा एकदा जा, माझे गुडघे दुखतायत, मी बसतो. तिथे पूर्वी दहादा पाहिलं होतं, तरी गेलो. आणि आवाज आला. "अरू, चैत्रातली काळी माती, कुदळीला जुमानत नाही. पण तिथे खुरपं घातलं तर अशी मऊ निघाली की काय सांगू. जणू शाम्याने आतून वर ढकलला."

संजीव समोरच बसला होता. बातमी कळताच धावत आला होता आणि पोह्यांची बशी तशीच निवत होती. उंच, वाकलेला, मितभाषी माणूस. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा कॅनडात. एक हात नेहमीसारखा पँटच्या खिशात. आईच्या तेराव्यालाही तो असाच खिशात हात घालून उभा होता, ते अरुंधतीला तेव्हा खटकलं होतं.

ती स्वयंपाकघरात गेली. विनीता ओट्याशी पाठमोरी उभी होती. डोळे रडून लाल.

"आत्या, मला माहितीये सगळ्यांना काय वाटणार," ती म्हणाली. "मीच चिडचिड करायची ना, या उन्हात बाबांनी जायचं नाही म्हणून. मीच म्हटलं होतं, ते मशीन कबाडीला देऊन टाका."

आणि तेवढ्यात तिच्या ओढणीच्या टोकाला बांधलेली गाठ अरुंधतीला दिसली. गाठीत काहीतरी गोल होतं.

३

अरुंधतीने हात पुढे केला. विनीताने गाठ सोडली. आत रुपया होता, सूर्याच्या छापाचा, कडी लावलेला. त्यावर अक्षर नव्हतं.

तो वासुदेवरावांचा स्वतःचा रुपया होता. विनीताने कपाटातून काढला होता. सकाळपासून बाबांचं तोंड पाहवत नव्हतं, म्हणून तिच्या मनात आलं होतं की यावरच 'शा' कोरावं आणि हळूच डबीत ठेवून द्यावा. "पण मला तो कसा लिहिलेला होता तेच आठवेना, आत्या. आणि फोटो बाबांच्या फोनवर, मागणार कसा?"

अरुंधतीने तिच्या पाठीवर हात ठेवला. विनीताला वासुदेवरावांचं उन्हात जाणं बंद व्हायला हवं होतं आणि रुपया सापडल्यावर ते आपोआपच बंद झालं होतं. तो हरवला तर तिचंच नुकसान. ही नव्हे.

पुष्करला विनीताने सकाळीच येऊ नको म्हणून कळवलं होतं. त्याचं जुन्या नाण्यांचं दुकान जवळच होतं. रविवार असून अर्धं शटर वर होतं आणि आत तो मखमलीवर नाणी मांडत बसला होता. वासुदेवरावांचे तांब्याचे पैसे तोच विकत घ्यायचा आणि रुपया सापडल्याचं कळल्यापासून रोज फोन करत होता, असं विनीताने सांगितलं होतं. अरुंधतीने आडपडदा न ठेवता विचारलं. तो रागावला नाही.

"ताईजी, खरं बोलू? कलेक्टरच्या हिशोबाने तो रुपया बेकार आहे. वर कडी डागलेली, त्यावर कोणी खरवडून अक्षर काढलेलं. माझ्याकडे तसाच छाप इतका चांगला पडलाय की क्या बताऊं." त्याने तो काढून दाखवलाही. "मी फोन करत होतो ते काकाजींचा व्हिडिओ घ्यायला. इतकी वर्षं एका नाण्यासाठी फिरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही."

हाही नव्हे. पण निघताना तिने त्याला शेवटचं विचारलं. फोटोत त्याला काय दिसलं?

पुष्कर थोडा घुटमळला. मग म्हणाला की काकाजींचं मन मोडेल म्हणून काल बोललो नाही. चांदी जमिनीत पडून राहिली की काळी पडते, तिच्यावर कवच धरतं, खाचांत माती घट्ट बसते. फोटोतला रुपया मातीने माखलेला दिसतो, पण ती धूळ आहे, वरवरची. "मला लेन्सखाली तेच बघायचं होतं, ताईजी. तो रुपया जमिनीतून निघाला हे खरं. पण जमिनीत होता का, ते मला नाही सांगता येत."

४

अरुंधती रस्त्याच्या कडेला गाडीत बसली. वासुदेवरावांनी पाठवलेला फोटो तिने मोठा केला.

आठवडाभर तिने तो किती वेळा पाहिला होता. डोळे भरून यायचे आणि काही दिसायचं नाही. आता ती गोदामात शिरल्यासारखी पाहू लागली. 'शा' होता. तिचाच होता, काना थोडा तिरका गेलेला. पण अक्षराच्या कडा गुळगुळीत होत्या. नुसत्या जुन्या नाही, झिजलेल्या. एका बाजूने जास्त, दुसऱ्या बाजूने कमी.

मातीत पडलेली वस्तू काळी पडते, गंजते. पण अशी एका बाजूने झिजत नाही. असं झिजायला माणसाचा हात लागतो. तिने स्वतः कोरलेलं, शामच्या छातीला टोचणारं ते अक्षर कोणीतरी बोटाने चोळून चोळून बोथट केलं होतं. एका दिवसात नाही. पुष्कळ दिवस, रोज, सवयीने.

म्हणजे रुपया आधीच सापडला होता. कोणाजवळ तरी होता. मग मागच्या रविवारी तो पुन्हा मातीत गेला, खुरप्याला मऊ लागेल अशा ताज्या उकरलेल्या मातीत, दादाला सापडावा म्हणून. बांधाकडे पुन्हा जा, असं सांगणारा गुडघे धरून बाजूला बसला. आणि लेन्सखाली ठेवला की सगळं कळेल, असं पुष्कर म्हणाला तेव्हा ज्याला ते कळायला नको होतं, त्याने देवाला नमस्कार करताना डबी उघडली. चोरायची म्हणून नाही. म्हणून फूल जागच्या जागी राहिलं.

तिला खिशातला तो हात आठवला. खिशाच्या कापडाखाली सारखा हलणारा अंगठा.

तिने घरी फोन केला. संजीवकाका मघाशीच गेले, विनीता म्हणाली. कुठे ते बोलले नाहीत.

अरुंधतीला कुठे ते माहीत होतं. तिने गाडी सिमरोल रोडला घेतली.

५

शेत आता शेत राहिलं नव्हतं. चुन्याच्या रेघा ओढून प्लॉट पाडले होते, रस्त्याच्या जागी मुरूम पडला होता. रविवार म्हणून जेसीबी बंद होतं. बाभळीच्या बांधावर संजीव बसला होता. तिला येताना पाहून तो उठला नाही.

"हात बाहेर काढा, संजीवभाऊ," अरुंधती म्हणाली.

त्याने हात काढला. तळहातावर शामचा रुपया होता.

मग बराच वेळ तोच बोलत होता. कोरोनाची दुसरी लाट ओसरत असताना वासुदेवराव दवाखान्यात होते. एकट्याला घरात बसवेना म्हणून संजीव मशीन घेऊन इथे आला होता आणि त्याला रुपया मिळाला. काळाठिक्कर होता, घरी नेऊन त्याने चिंचेने स्वच्छ केला.

"खिशात टाकून सरळ दवाखान्यात गेलो, अरुंधतीताई. वाटलं, हातावर ठेवला की वासू उठून बसेल. तो ऑक्सिजनवर. मास्क बाजूला करून मला म्हणतो, बरा झालो की शेतात जाऊ ना यार, शाम्याचा रुपया राहिलाय. एवढं बोलायला त्याला किती दम लागला. त्याला जगायला तेवढंच एक काम उरलं होतं. ते मी कसं संपवू?"

"आणि बरा होऊन घरी आला तेव्हा?"

"तेव्हा द्यायला पाहिजे होता. आधी त्याच्यासाठी नाही दिला. नंतर माझ्यासाठी नाही दिला." आठवड्यात आपल्याला तो एकच दिवस होता, तो म्हणाला. सकाळी कोणीतरी हाक मारायचं, दिवसभर कोणीतरी शेजारी चालायचं. रुपया सापडला की रविवार संपला. मग ही जमीन विकली गेल्याचं कळलं आणि वाटलं, निदान त्याच्या हाताने निघू दे.

अरुंधतीला त्याची दया आली आणि त्याच वेळी संतापही.

"आणि आई?" तिने विचारलं. "ती दर रविवारी विचारायची. तुम्ही समोर बसून चहा पीत होतात. रुपया तिच्यापासून हातभर लांब, तुमच्या खिशात होता."

"हात निघायचाच नाही," तो म्हणाला. "दर वेळी वाटायचं, आज देतो. जितका उशीर झाला तितकं सांगणं कठीण होत गेलं. त्या गेल्या त्या दिवशी मी इथेच येऊन बसलो होतो."

तो रडत होता, पण त्याला समजावावंसं तिला वाटेना. आईची ती मान वर करून दाराकडे पाहण्याची लकब तिला दिसत होती. ऊन कलल्यावर ती उठली.

"चला," ती म्हणाली. "हे मी दादाला सांगणार नाही. तुम्ही सांगायचं."

६

संजीवने सगळं सांगितलं. स्वतःची बाजू घेतली नाही. वासुदेवराव आरामखुर्चीत बसून ऐकत होते. रुपया त्यांच्या मुठीत होता आणि ती मूठ त्यांनी एकदाही उघडली नाही. विनीता दाराशी उभी होती.

बाहेर देवळातली आरती सुरू होऊन संपली.

"माझं काय असेल ते असो," मग ते म्हणाले. "पण आईचं मी तुला माफ करू शकत नाही, संजू. ते करणारी गेली."

संजीवने मान हलवली आणि जायला निघाला. तो उंबऱ्यापर्यंत पोहोचला तेव्हा वासुदेवरावांनी विचारलं, "तुला मिळाला तेव्हा कुठे होता?"

"विहिरीपाशी."

"विहिरीपाशी?" वासुदेवराव खुर्चीत पुढे सरकले. "शाम विहिरीकडे गेलाच नव्हता."

"तू तसं म्हणायचास म्हणून तू तिकडे मशीन फिरवायचा नाहीस. मी त्या दिवशी एकटा होतो. उरलेली जागा तेवढीच होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी, जेसीबीवाले यायच्या आत, वासुदेवराव, अरुंधती आणि संजीव शेतावर पोहोचले. विहीर अजून बुजवली नव्हती, पण काठापर्यंत भरावाची माती आणून टाकली होती. त्या विहिरीत एकदा शेजारच्या शेतातला माणूस बुडाला होता. तेव्हापासून द्वारकाबाईंनी मुलांना तिच्या जवळपास फिरकायची मनाई केली होती. रुपया हरवला तेव्हा पहिला प्रश्न तोच होता आणि शामने आईच्या गळ्याला हात लावून सांगितलं होतं, आईशप्पथ, विहिरीकडे गेलोच नाही. त्या एका शब्दावर वासुदेवरावांनी सगळं शेत चाळलं आणि विहीर तेवढी सोडली.

संजीवने लांबूनच जागा दाखवली. दगडी पायऱ्या जिथून खाली उतरत होत्या, तिथे वरच्या पायरीलगत, दगड आणि मातीच्या मधल्या फटीत. तो पुढे आला नाही.

वासुदेवराव तिथे उभे राहून पाहत होते. त्यांना खाली बसायचं होतं, पण गुडघे वाकेनात. त्यांनी मागे न पाहता हात पसरला. क्षणभर थांबून संजीव आला, हात धरला, त्यांना बसवलं आणि पुन्हा मागे जाऊन उभा राहिला.

वासुदेवरावांनी पायरीवरून तळवा फिरवला. "इथे शर्ट काढून ठेवला असेल," ते हळूच म्हणाले. "गोफ काढून शर्टावर ठेवला. वर आला, शर्ट उचलला, रुपया सरकला फटीत." ते हसायला लागले. "लेकाचा पोहत होता, अरू. भर दुपारी, आम्ही सगळे आंब्याखाली झोपलेले असताना. आणि आईशप्पथ घेऊन खोटं बोलला."

त्यांचं हसणं थांबेना आणि मग ते हसणं राहिलं नाही. अरुंधती त्यांच्याजवळ टेकली. इतकी वर्षं तिला आठवायचा तो ढेकळांत वाकून रुपया शोधणारा, रडवेला शाम, आणि त्यानंतर तापातला. आज पहिल्यांदाच तिला तो पायरीवरून पाण्यात झेप घेताना दिसला. त्या उन्हाळ्यात त्याने असं किती वेळा केलं असेल, कोणाबरोबर, काहीच ठाऊक नव्हतं.

खाली खोल, हिरवट पाणी होतं. दोघं वाकून त्यात पाहत राहिली.

"अरू," वासुदेवरावांनी डोळे पुसत विचारलं, "पण त्याला पोहायला शिकवलं कोणी?"

तिला माहीत नव्हतं. ज्यांना माहीत असेल, असं आता कोणी राहिलं नव्हतं. रस्त्याच्या बाजूने जेसीबी सुरू झाल्याचा आवाज आला. तिने भावाच्या खांद्यावर हात ठेवला, पण त्याला ऊठ म्हणाली नाही.